सूपभर ज्वारीचा कडू

आमचे कडूभाऊजी माणसाला आधी नाव विचारायचे, आणि नाव सांगितलं की त्याची उलटतपासणी सुरू करायचे. कोणी ठेवलं, का ठेवलं, कुठल्या भाषेतलं, अर्थ काय. केळी भरायला आलेला हमाल असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कोणाचा जावई असो, सुटका नव्हती. मागे विजेचं मीटर वाचायला एक माणूस आला. त्यानं आपलं नाव जीवन सांगितलं, तर हे म्हणाले, "जीवन कायले ठेवलं? मरता मरता वाचला व्हता का तू?" तो बिचारा मीटर न वाचताच गेला आणि पुढच्या महिन्यात आम्हा सगळ्यांना अंदाजे बिल आलं. नात्यानं मी त्यांची मोठी वहिनी, म्हणजे त्यांच्या चुलतभावाची बायको. आमच्या ह्यांचं नाव मी आजही उखाण्याशिवाय घेत नाही, तेव्हा नावाचं महत्त्व मला कोणी शिकवू नये. पण भाऊजींचं म्हणजे अतीच होतं.

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमची दोन्ही घरं समोरासमोर. भाऊजी साठी ओलांडलेले, उंच, काटक, आणि नाक असं की माणसाच्या आधी नाक दारातून आत येतं. तापीकाठी त्यांची केळीची बाग आहे. कष्टाळू माणूस. बायको लवकर गेली, तरी एकुलत्या एका ललितला शिकवलं, मार्गी लावलं. व्यसन म्हणाल तर एकच, संशय. दूधवाल्यावर संशय, खतवाल्यावर संशय, देवळातल्या पुजाऱ्यानं प्रसाद कमी दिला की त्याच्यावरही. पण या सगळ्या संशयांचं मूळ एकच होतं आणि ते मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या डोक्यात होतं. मालूबाई ही आपली खरी आई आहे का? की आपल्याला कुठून तरी विकत आणलं?

हा किडा त्यांच्या डोक्यात घातला तो त्यांच्या नावानं. आमच्याकडे ज्या बाईची लेकरं टिकत नाहीत, ती पुढचं लेकरू झालं की त्याला सुपात घालून दुसरीला विकते. घेणारी बाई आईच्या पदरात धान्य ओतते, सूप उचलते आणि उंबरा ओलांडून बाहेर जाते. आईनं तेव्हा म्हणायचं, "माझं नाही, घेऊन जा." मग ती बाई थोडं पुढे जाऊन परत येते, आई जास्तीचं धान्य देऊन लेकरू पुन्हा विकत घेते, आणि त्याला कडू, धोंडू, उकिरडा असलं काहीतरी नाव पडतं. न्यायला आलेल्यानं नाव ऐकावं, तोंड वाकडं करावं आणि दुसऱ्या दारी जावं, एवढाच त्यातला हेतू. भाऊजींना असंच डोईफोडिया गावच्या सोनाई दाईनं सूपभर ज्वारीला घेतलं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या ही गोष्ट हसत हसत सांगायच्या.

भाऊजींना मात्र हसू आलं नाही. त्यांचं म्हणणं, गोष्ट उलटी आहे. मालूबाईचं ते लेकरूही गेलं असणार, आणि तिनं दाईकडून कोणाचं तरी पोर आणलं असणार. विकल्याची गोष्ट ही विकत घेतल्यावर घातलेलं पांघरूण.

"पुरावा?" मी एकदा विचारलं.

"पुरावा रोज समोर हाये, वहिनी. मायनं मले कधी माह्या म्हटलं? तुम्ही ऐकलं?"

मी आठवून बघितलं. खरंच ऐकलं नव्हतं. मालूकाकूंच्या तोंडून हा शब्द मुलासाठी कधी निघाला नाही. कोणी म्हटलं, "मालूबाई, पोरगा चांगला निघाला हो तुमचा," की काकू फणकारायच्या, "माह्या कायचा? दाईचा हाये थो." पोराला जवळ घेणं नाही, लाड नाही. जेवायला मात्र बरोबर वाढायच्या. ताटात तुपाची वाटी सगळ्यांत मोठी त्याचीच असायची, पण ती ताटाकडे अशी सरकवायच्या जशी शेजारच्याच्या पोराला वाढताहेत.

दुसरा पुरावा घडाचा. बागेतला पहिला घड काकू कधी घरात ठेवू देत नसत. तो डोईफोडियाला जायचा, सोनाईच्या घरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनाईला लुगडंही जायचं. सोनाई गेली, तरी तिच्या मुलाकडे, समाधानकडे, घड जातच राहिला. "एका दाईले जन्मभर कोन देते?" भाऊजी विचारायचे. "तोंड बंद ठेवाले देतात, वहिनी." मग एखाद्या वर्षी ते स्वतः घड घेऊन डोईफोडियाला जायचे आणि तिथे बसून समाधानच्या नाकाकडे बघत राहायचे. समाधानचं नाक बसकं. तरी भाऊजी परत येऊन म्हणायचे, "नाकपुड्या सेम हायेत."

मी त्यांची टिंगल करायचे, पण एक गोष्ट मलाही खटकत होती आणि ती मी कोणाला बोलले नव्हते. काही वर्षांपूर्वी भाऊजी बागेत मोटरचा शॉक लागून पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा मी आणि काकू बरोबर होतो. डॉक्टर बाहेर आला, हिंदीत म्हणाला, "माँजी, आप इनकी कौन लगती हैं?" काकूंनी भिंतीकडे बघत सांगितलं, "कोई नहीं लगती." मुलगा आत मरणाच्या दारात आणि ही बाई म्हणते कोणी नाही लागत! मला त्या क्षणी काकूंचा राग आला, खूप राग आला. शेवटी मीच पुढे होऊन सांगितलं की त्या आई आहेत. तर काकूंनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली. त्या रागात मलाही वाटून गेलं, भाऊजींचं खरं तर नसेल?

भाऊजी बरे झाले आणि संशय दुप्पट जोमानं कामाला लागला. त्यांना आता आपल्या नावाचं गाव शोधायचं होतं. आमच्या या शहरात भाषांना तोटा नाही. शाळेत हिंदीवाल्या गुरुजींनी त्यांचा कद्दू करून टाकला होता. पोरं भोपळा म्हणून हाका मारायची, आणि तहसीलमध्ये आजही बाबू "कद्दू महाजन कौन है?" असंच ओरडतो. पण भाऊजींना थट्टा नको होती, सुगावा हवा होता. दर्ग्याला देशोदेशीचे बोहरी यात्रेकरू येतात. त्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ते जाऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं नाव सांगून अर्थ विचारायचे. गुजरातेतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "अरे भाई, हमारे गाँव में भी कडवाभाई होते हैं. जिसके बच्चे नहीं जीते, वो ऐसा नाम रखता है." सरळ उत्तर मिळालं होतं. पण सरळ उत्तरावर विश्वास ठेवतील तर ते भाऊजी कसले? घरी येऊन म्हणाले, "त्याले कोनीतरी पढवलं असन."

मग केळी भरायला हुबळीकडचा एक ट्रकवाला आला. त्यानं सांगितलं की आमच्या कन्नडमध्ये काडु म्हणजे जंगल. झालं! भाऊजी धावत माझ्या दारात.

"वहिनी, जंगल! डोईफोडियाले लागून काय हाये? जंगल. माह्या नावातच माह्यं गाव हाये."

"भाऊजी," मी हातातलं लाटणं त्यांच्यासमोर धरलं, "तुमची माय कधी खंडव्याच्या पुढे गेली नाही. ती कन्नडमध्ये नाव ठेवायला बसली होती का? उद्या कोणी म्हणेल जपानीत कडू म्हणजे राजा, तर गादी मागायला जाल?"

ते गेले, पण जाताना पुटपुटले, "तुम्हीबी त्यांच्याच बाजूनं."

हे असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी ललितच्या बायकोला, तृप्तीला, मुलगी झाली आणि गोष्ट थट्टेची राहिली नाही. तृप्तीची आधीची दोन बाळं गेली होती. एक पोटातच, आणि एक पाळण्यात नाव पडायच्या आधी. ही तिसरी. पोरगी मात्र ठणठणीत, रडली की राजघाटापर्यंत आवाज जाईल अशी. ललित आणि तृप्ती इंदूरला नोकरीला, पण बाळंतपणाला तृप्ती इथे आली होती. दोघांनी मोबाइलमध्ये बघून नाव काढलं, अमायरा. मोबाइल म्हणे, अर्थ राजकन्या, भाषा अरबी. भाऊजी दुसऱ्या दिवशी दर्ग्याच्या रस्त्यावर हजर. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, "अमीरा तो सुना है भाईसाहब, ये वाला नहीं सुना." भाऊजींनी घरी येऊन जाहीर केलं, "मोबाइल खोटं बोलते."

"बाबा, नाव क्यूट आहे ना, बस," तृप्ती म्हणाली. "मतलब निकालके क्या करना है?"

हे सगळं मालूकाकू बाजेवर पडून ऐकत होत्या. नव्वदीच्या घरात आलेली बाई, ऐकू कमी येतं असं सगळे समजायचे. त्या एकदम उठून बसल्या.

"गोड नाव नाही ठेवाचं. पोरीले सुपात घाला. इका. धोंडी म्हना."

ललितनं कपाळाला हात लावला. भाऊजी मात्र पेटले. "नाही! ह्या घरात आता कोनी इकलं जानार नाही. मी जन्मभर भोगलं थे बस झालं. माह्या नातीले उद्या कोनी म्हनन, तू इकत आनेल हायेस, मंग?"

मला वाटलं तृप्ती त्यांच्याच बाजूनं उभी राहील. शिकलेली पोरगी, बँकेत काम करते. पण ती पोरीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "करू द्या ना बाबा. दो बार मैं नहीं मानी थी. काहीच नव्हतं केलं. आता मला काहीही सांगा, मी करते." मग ती रडायला लागली.

भाऊजी अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागून गेले. म्हटलं, जाऊ द्या, रीत आहे, होऊन जाऊ द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही कटात सामील आहे. "ठीक हाये," म्हणाले. "होऊ द्या बारसं. पन घेनारी बाई डोईफोडियाचीच पाहिजे. समाधानले आन् त्याच्या बायकोले बोलवतो. सगळे समोरासमोर राहतीन. त्या दिवशी मायले बोलाच लागन."

बारशाला गल्ली लोटली. समाधान आला, त्याची बायको वैशाली आली. भाऊजींनी समाधानला मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं, म्हणजे लोकांना दोन्ही नाकं एकत्र दिसावीत. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते दाबलं. त्या माणसाला खरंच भीती वाटत होती.

सुपात जुन्या लुगड्याचं धडोतं अंथरलं, त्यावर पोरगी ठेवली. वैशालीनं तृप्तीच्या पदरात ज्वारी ओतली. आम्ही बायकांनी सांगितलं, "म्हण, माझी नाही, घेऊन जा." तृप्तीच्या तोंडून शब्द फुटेना. वैशाली सूप घेऊन उभी, पोरगी त्यात हातपाय झाडतेय. शेवटी तृप्ती कशीबशी म्हणाली आणि तोंड फिरवून भिंतीला टेकली. एवढ्या बायका होतो, सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावला. ज्याला आपण गंमत म्हणून सांगत होतो ती गंमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

वैशाली अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. तृप्तीनं परत घ्यायला ज्वारीची ओंजळ पुढे केली, तोच बाजेवरून काकू ओरडल्या.

"परत नको घेऊ!"

तृप्तीचे हात तसेच राहिले. काकू काठीशिवाय उठल्या होत्या. "परत घेतलं की तुह्यं झालं. तुह्यं झालं की नेनाऱ्याले दिसते. राहू दे तिचंच. घरात ठेव, दूध पाज, पन तुह्यं म्हनू नको."

भाऊजी उठले. मला वाटलं आता हा माणूस आईवर धावून जातो. त्यांचा आवाज मात्र लहान पोरासारखा निघाला.

"मले घेतलं व्हतं परत?"

ते आईजवळ आले.

"माय, आज सांग. समाधान इथी हाये, सगळे हायेत. तू मले इकलं का इकत आनलं? मी कोनाचा?"

काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या सुपाकडे बघत होत्या. मग त्यांनी तीन नावं घेतली, जी आम्ही कोणीच कधी ऐकली नव्हती. "विनायक. वामन. सुलभा." प्रत्येक नावाला थांबल्या. "गोड गोड नावं ठेवली. बामनाकडून काढून आनली. तोंडभरून हाका मारल्या. माह्या विनायक, माह्या वामन, माही सुलभा, सगळ्या गल्लीले ऐकू जाये." त्यांना धाप लागली. मी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानं बाजूला केलं.

"तीन लेकरांले माह्यं म्हटलं. तिन्ही गेले. तुले नाही म्हटलं. तू हायेस."

समाधाननं खाली मान घालून सांगितलं की त्याच्या मायनंही मरताना हेच बजावलं होतं. मालूबाईनं पोर कधी परत घेतलं नाही, तेव्हा कडूदादा आपल्याच घरचे समजायचे, आणि त्यांच्या बागेचा पहिला घड आपल्या हक्काचा, त्याला नाही म्हणायचं नाही. आपण नाही म्हटलं तर सौदा मोडतो.

मला दवाखाना आठवला. भिंतीकडे बघत बोललेलं ते "कोई नहीं लगती" आठवलं, आणि माझ्या दंडावर उमटलेली बोटं. मी डॉक्टरला आई म्हणून सांगितलं तेव्हा त्या बाईच्या काळजाचं काय झालं असेल!

भाऊजींनी खाली वाकून कोपऱ्यातल्या पोत्यातली ज्वारी दुसऱ्या सुपात घेतली, काठोकाठ, आणि आईसमोर धरली. "आता घे मले परत. हा समाधान देईन मले वापस. साठ वरसाचा झालो, माय. आता कोन नेते मले?"

काकूंनी त्या सुपात हात घातला. मूठ भरली. बाहेर काढली. बोटांतून दाणे सांडत होते. सगळ्यांना वाटलं, आता त्या समाधानच्या हातात मूठ रिकामी करतात. पण त्यांनी ती पुन्हा सुपातच सोडली.

"मी गेल्यावर तूच घे तुले परत," त्या म्हणाल्या. "मी हाये तंवर नाही."

आणि बाजेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

तृप्तीनं मात्र आपली मुलगी परत घेतली. तिनं वैशालीच्या पदरात ओंजळीवर ओंजळ ओतली, पोरीला छातीशी धरलं आणि "माझी, माझी, माझी," म्हणत राहिली. तिचंही बरोबर. दोघींपैकी कोणाला चुकीचं म्हणायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. कागदावर पोरगी अमायरा लागली, आणि घरात धोंडी.

भाऊजींचा संशय गेला असं मी म्हणणार नाही. तो फक्त दुसरीकडे वळला. आता त्यांना धोंडीकडे बघणाऱ्या प्रत्येकाचा संशय येतो. लोकांना नावाचा अर्थ विचारायचं त्यांनी सोडलं, त्याऐवजी विचारतात, "पोरीकडं कायले पाहून राह्यला?" दर्ग्याच्या रस्त्यावरची टपरीही सुटली. पहिला घड मात्र ते आता कोणाच्या हाती पाठवत नाहीत, स्वतः मोटारसायकलला बांधून डोईफोडियाला घेऊन जातात आणि समाधानच्या नाकाकडे न बघता चहा पिऊन परत येतात.

परवा तृप्ती इंदूरहून आली होती. संध्याकाळी भाऊजी धोंडीला कडेवर घेऊन ओट्यावर उभे होते, आणि आत बाजेवर काकू. माझ्याकडे नेपानगरहून पाहुण्या आलेल्या रश्मीबाई निघताना तिथे थांबल्या. पोरीचा गाल धरून म्हणाल्या, "किती गोड आहे हो! तुमची नात का?"

भाऊजींनी पोरीला घट्ट आवळली. तिच्या डोक्यावरून आपला गमछा ओढला.

"नाही हो," ते म्हणाले. "आमची कुठची? डोईफोडियाहून आनेल हाये."

आत बाज करकरली. काकूंनी कूस बदलून तोंड दाराकडे केलं होतं.